स्प्रिंगटेलसाठी डीह्युमिडिफायर: यंत्र उत्तम, पण खरेदीच्या यादीत त्याचा क्रमांक तिसरा

न्हाणीघरात, सिंकखाली किंवा खिडकीच्या चौकटीत उड्या मारणारे बारीक करडे किडे, म्हणजे स्प्रिंगटेल, दिसू लागले की बहुतेक लोक आधी कीटकनाशकाचा फवारा आणतात, आणि तो निष्फळ ठरल्यावर हवेतील ओल काढून घेणाऱ्या डीह्युमिडिफायरच्या जाहिराती पाहू लागतात. हे यंत्र घ्यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘घ्यावे, पण तिसऱ्या क्रमांकावर’ असे आहे. पहिल्या क्रमांकावर हवेतील दमटपणा मोजणारे साधे हायग्रोमीटर येते, दुसऱ्यावर गळती शोधून बंद करणारा प्लंबर किंवा गवंडी येतो, आणि ही दोन कामे झाल्यावरही जी ओल उरते तिच्यासाठी यंत्र. हा क्रम उलटा केला तर यंत्र अहोरात्र चालते, विजेचे बिल वाढते आणि किडे जिथल्या तिथे राहतात. येथे मी प्रामुख्याने मध्यम आकाराच्या, कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या डीह्युमिडिफायरविषयी लिहीत आहे. न्हाणीघराला लागून असलेल्या तळमजल्यावरच्या खोलीत मी ते पावसाळी आणि कोरड्या अशा दोन्ही हवामानांत वापरले आहे. त्याच्या जोडीला घेतलेल्या हायग्रोमीटरविषयी आणि ओल शोषून घेणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यांविषयीही सांगेन.

आधी या किड्यांबद्दल, कारण त्यांची शरीररचना समजली की कोणते उत्पादन उपयोगी आणि कोणते निरुपयोगी हे आपोआप कळते. स्प्रिंगटेल साधारण एक ते दोन मिलिमीटर लांबीचे, सहा पायांचे आणि बिनपंखी असतात. पोटाखाली दुमडून ठेवलेला एक दुबेळक्यासारखा अवयव ते खिटीत अडकवून ठेवतात. खिटी सुटली की तो जमिनीवर आपटतो आणि प्राणी स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट अंतरावर जाऊन पडतो. सहा पाय असूनही आजचे शास्त्रज्ञ त्यांची गणना कीटकांत करीत नाहीत, ‘कोलेम्बोला’ या वेगळ्या गटात करतात. (स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात या गटातील प्राण्याचा जीवाश्म सापडला असून हर्स्ट आणि मौलिक यांनी १९२६ मध्ये त्याचे वर्णन केले. इतका काळ तगून राहिलेल्या प्राण्यावर डबाभर फवारा मारून विजय मिळेल ही अपेक्षा मुळातच जरा धाडसाची आहे.) आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की बहुतेक स्प्रिंगटेलना श्वसननलिका नसतात, ते त्वचेतूनच श्वास घेतात. ज्या त्वचेतून प्राणवायू आत येतो तिच्यातून शरीरातले पाणीही सहज बाहेर जाते, आणि म्हणून कोरड्या हवेत ते फार काळ तग धरत नाहीत. पोटाच्या पुढच्या भागाखाली असलेल्या एका नळीने ते ओल्या पृष्ठभागावरून पाणी शोषून ही तूट भरून काढतात. त्यांच्या अंड्यांनाही ओल लागते, आणि त्यांचे मुख्य अन्न म्हणजे बुरशी, शेवाळ व कुजणारा पालापाचोळा, जे ओलीशिवाय तयारच होत नाही. म्हणजे हवा, अन्न आणि पिलावळ या तिन्ही गोष्टींसाठी हा प्राणी पाण्यावर अवलंबून आहे. ते चावत नाहीत, लाकूड पोखरत नाहीत, कपडे कुरतडत नाहीत. त्यांचे घरात असणे हे ओलीचे लक्षण आहे, आणि ओल मात्र खरोखर नुकसान करते.

पैसे खर्च करण्यापूर्वी ओळख पटवून घ्यावी. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी, टणक आणि तांबूस तपकिरी असते, ती पायांनी उडी मारते आणि बोटाने चिरडायला अवघड जाते. स्प्रिंगटेल मऊ असतो आणि नुसता स्पर्श झाला तरी त्याचा करडा डाग उरतो. पुस्तकांत व जुन्या कागदांत फिरणाऱ्या फिकट रंगाच्या उवांसारख्या किड्यांनाही (बुकलाइस) ओल आवडते, पण ते उडी मारत नाहीत. शंका असेल तर पांढरा कागद जमिनीवर ठेवून किडे त्यावर येऊ द्यावेत, पारदर्शक चिकटपट्टीने एखादा उचलावा आणि भिंगाखाली पाहावा.

आता हायग्रोमीटर. या सगळ्या खरेदीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच, आणि म्हणून तिच्यावर थोडे विस्ताराने लिहितो. बॅटरीवर चालणारे, तापमान आणि सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या वाफेच्या किती टक्के वाफ आहे ते) दोन्ही दाखवणारे, मागच्या चोवीस तासांतील कमाल व किमान आकडे लक्षात ठेवणारे छोटे यंत्र पुरेसे आहे. एक न घेता दोन-तीन घ्यावीत, कारण खोलीच्या मध्यभागी टेबलावर ठेवलेल्या हायग्रोमीटरचा आकडा स्प्रिंगटेलच्या दृष्टीने जवळजवळ निरर्थक असतो. हवेत पाण्याची वाफ तेवढीच राहून हवा थंड झाली तर तिची सापेक्ष आर्द्रता वाढते. खोलीच्या मध्यभागी २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, आणि कपाटामागची बाहेरची भिंत २३ अंशांवर असेल, तर त्या भिंतीलगतच्या हवेत आर्द्रता सुमारे ८७ टक्क्यांवर जाते. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ टिकली की त्यावर बुरशी धरू लागते. याचा अर्थ असा की टेबलावरचा आकडा पाहून घरधनी निर्धास्त असतो, तेव्हाच कपाटामागे बुरशीही असते आणि ती खाणारेही असतात. मी एक हायग्रोमीटर कपाट आणि भिंत यांच्या फटीत जमिनीलगत ठेवले, दुसरे सिंकखालच्या कप्प्यात, आणि तिसरे खोलीच्या मध्यभागी. या तिन्ही आकड्यांतील फरक पाहिल्यावर कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढण्याचा निर्णय घ्यायला वेळ लागला नाही. तेवढ्या एका बदलाने त्या फटीतली हवा खेळू लागली आणि भिंतीलगतचा आकडा लक्षणीय उतरला. यासाठी एक पैसाही लागला नाही.

स्वस्त हायग्रोमीटर काही टक्क्यांनी चुकू शकतात, परंतु ते तपासणे सोपे आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात पाण्याचे थेंब टाकावेत. मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे, विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत शेजारी शेजारी ठेवून रात्रभर तसेच राहू द्यावे. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा साधारण खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. आपले यंत्र ७१ दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात चार मिळवायचे, एवढे लक्षात ठेवले की झाले. यंत्रावर आकडा दुरुस्त करण्याची सोय असेल तर उत्तमच, पण त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

कोणता आकडा गाठायचा, याबाबत फारसा वाद नाही. घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली आणि शक्यतो ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे. माझा अनुभव असा की दमट हवामानात खोलीच्या मध्यभागी ५० ते ५५ टक्के आकडा टिकवता आला, तर कोपरे आणि फटीही सुरक्षित राहतात. त्याखाली जाण्याचा अट्टहास केल्यास वीज जास्त जाते, लाकडी सामानाला तडे जाण्याची शक्यता वाढते आणि किड्यांच्या बाबतीत पदरात वेगळे काही पडत नाही.

दुसऱ्या क्रमांकाचे काम, म्हणजे ओलीचा उगम शोधणे, हे कोणत्याही यंत्राला जमत नाही. यासाठी प्लास्टिकच्या जाड कागदाची जुनी आणि भरवशाची चाचणी आहे. साधारण दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक संशयित भिंतीवर किंवा फरशीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या आणि एक-दोन दिवस वाट पाहायची. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आपल्याकडच्या बाजूला दिसले तर खोलीतील हवा दमट आहे आणि ती थंड पृष्ठभागावर निवत आहे. अशा वेळी डीह्युमिडिफायर खरोखर कामाचा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, जमले असतील किंवा झाकलेला भाग आजूबाजूपेक्षा गडद झाला असेल, तर पाणी भिंतीतून किंवा जमिनीतून येत आहे. तिथे यंत्र लावणे म्हणजे भिंतीतून येणारे पाणी विजेचे पैसे देऊन टाकीत भरत राहणे होय. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीच्या पायथ्याशी आमच्याकडे दुसरा प्रकार निघाला: थेंब आतल्या बाजूला, आणि तेही जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतच. फरशीच्या सांध्यांतील भरण झिजून पाणी खाली मुरत होते. सांधे खरवडून पुन्हा भरून घेतल्यावर आणि नळाच्या जोडातील थेंबथेंब गळती बंद केल्यावर भिंत वाळायला लागली. स्प्रिंगटेल कमी होण्यात सर्वांत मोठा वाटा याच कामाचा आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन, आणि डीह्युमिडिफायरच्या परीक्षणात हे लिहिणे विसंगत वाटले तरी ते लिहिलेच पाहिजे.

नव्याने बांधलेल्या घरांत हा उपद्रव बऱ्याचदा दिसतो तोही याच कारणाने. काँक्रीट आणि गिलाव्यात बांधकामाच्या वेळी घातलेले पाणी पूर्ण वाळायला पुष्कळ काळ लागतो, आणि त्यावर घाईने रंग चढवून खिडक्या बंद ठेवल्या की ते पाणी घरातच फिरत राहते. अशा घरात दोष शोधत बसण्याची गरज नसते. हवा खेळती ठेवणे आणि पहिल्या काही महिन्यांत यंत्र चालवणे हा सरळ मार्ग आहे. भाड्याने यंत्र मिळत असेल तर अशा प्रसंगी ते विकत घेण्याचीही आवश्यकता नाही.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर पंख्याने खोलीतील हवा ओढून थंड नळ्यांवरून नेतो. तिथे वाफेचे पाणी होऊन टाकीत पडते आणि कोरडी झालेली हवा गरम नळ्यांवरून खोलीत परत सोडली जाते. खोक्यावर ‘दिवसाला इतके लिटर’ असा जो ठळक आकडा छापलेला असतो तो अनेकदा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता या परिस्थितीतला असतो. खोली ६० टक्क्यांवर आली की हेच यंत्र त्याच्या जवळपास निम्मेच पाणी काढते, आणि यात फसवणूक काही नाही, हवेत काढण्याजोगे पाणीच कमी उरलेले असते. मात्र दोन यंत्रांची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच परिस्थितीतले आहेत का हे पाहणे अत्यावश्यक आहे. अमेरिकेत २०१९ पासून हलवता येण्याजोग्या यंत्रांची चाचणी पूर्वीपेक्षा थंड हवेत घेऊ लागले, आणि तिथे जे यंत्र दिवसाला ७० पिंटांचे (पिंट म्हणजे सुमारे अर्धा लिटर) म्हणून विकले जात होते तेच ५० पिंटांचे म्हणून विकले जाऊ लागले. यंत्र तेच, आकडा तेवढा बदलला.

यंत्र चालू केल्यावर पहिल्या दिवशी जो प्रकार घडतो तो समजून घेतला नाही तर गैरसमज होतो. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत ६० घनमीटर हवा असते. २८ अंशांना ती हवा ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणायची तर तिच्यातून जेमतेम अर्धा लिटर पाणी काढावे लागते. यंत्र हे काम तासा-दीड तासात करते, आकडा झपझप उतरतो आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. यंत्र बंद केले की मात्र काही वेळातच आकडा पुन्हा चढतो, कारण खरे पाणी हवेत नसतेच. ते गिलाव्यात, लाकडात, गाद्यांत, कपड्यांत आणि कागदांत मुरलेले असते, आणि हवा कोरडी झाली की ते सावकाश बाहेर येऊ लागते. टाकी दिवसामागून दिवस भरत राहते ती या साठ्यामुळे. म्हणून यंत्राचा न्याय पहिल्या दिवसाच्या आकड्यावर करू नये. बंद केल्यानंतर आकडा किती हळू चढतो यावर करावा. काही आठवड्यांनी तो वेग स्पष्टपणे मंदावला, तेव्हा भिंती खरोखर वाळत आहेत याची खात्री पटली. तो मंदावलाच नसता तर कुठेतरी गळती उरली आहे असे समजावे लागले असते.

या बाबतीत यंत्राने कोणतीही कसूर केली नाही. खिडक्या-दारे बंद ठेवल्यास खोली ठरवलेल्या आकड्यावर टिकते, कुबट वास गेला, पुस्तकांची पाने सरळ झाली, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी रोज दिसणारे करडे ठिपके आधी तुरळक झाले व मग दिसेनासे झाले. पाऊस लागून राहिला की पूर्वी आठवडाभर ओलसर राहणारे पायपुसणे आता एका रात्रीत वाळते.

तक्रारींची यादीही लहान नाही. पहिली तक्रार यंत्रातील आर्द्रतामापकाबद्दल आहे. तो यंत्राच्या पोटात, हवा आत ओढण्याच्या जागेजवळ असतो, आणि खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात काय चालले आहे याची त्याला कल्पना नसते. यंत्राच्या पाटीवर ५० दिसत असताना कपाटामागचे हायग्रोमीटर ६० च्या वर असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे यंत्रावर हवा त्यापेक्षा पाच-सात टक्के कमी आकडा लावावा लागतो. दुसरी तक्रार पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीची. नळी जोडण्याचे तोंड यंत्राच्या मागे इतके खाली दिले आहे की जमिनीवर ठेवलेल्या यंत्रातून पाणी सांडपाण्याच्या जाळीपर्यंत उताराने जाणे कठीण होते. पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्याने नळीला मध्येच एखादा उंचवटा आला तरी ते अडते आणि यंत्राखाली साचते. ओल घालवण्यासाठी आणलेल्या यंत्राने फरशीवर थारोळे करावे यापेक्षा मोठा विनोद नाही. शेवटी यंत्र एका भक्कम, बुटक्या चौरंगावर ठेवून प्रश्न सोडवला. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आतच पंप असलेले यंत्र पाहावे.

तिसरी बाब उष्णतेची, आणि ती तक्रार म्हणण्यापेक्षा भौतिकशास्त्राचा नियम आहे. एक लिटर वाफेचे पाणी होताना सुमारे ०.७ युनिट विजेएवढी उष्णता बाहेर पडते, आणि यंत्र स्वतः जी वीज खाते तीही अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीतच राहते. परिणामी बंद खोली दोन-तीन अंशांनी तापते. थंड हवेत हे सुखावह वाटते, उकाड्यात मात्र त्या खोलीत बसवत नाही, म्हणून माणसे बाहेर असताना यंत्र चालवणे बरे. गोंगाट बेतास बात आहे, पण हलकी झोप असणाऱ्यांनी ते झोपण्याच्या खोलीत रात्री लावू नये. विजेचा हिशोब सोपा आहे: ३०० वॉटचे यंत्र दहा तास चालले की तीन युनिटे.

टाकीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो. टाकी भरली की यंत्र आपोआप थांबते ही सोय चांगली आहे. पण अर्धवट भरलेली टाकी तशीच काही दिवस राहिली तर तिच्या कडांना बुळबुळीत थर धरतो. हा थर म्हणजे स्प्रिंगटेलचे जेवण. एकदा टाकी बाहेर काढली तेव्हा पाण्यावर चार-पाच करडे ठिपके तरंगताना दिसले, बोट जवळ नेताच त्यांतले दोन उडाले. त्यांच्या त्वचेला पाणी चिकटत नाही, त्यामुळे ते बुडत नाहीत. तेव्हापासून टाकी रोज रिकामी करणे आणि आठवड्याला घासून कोरडी करणे हा नेम झाला आहे. हवेचा फिल्टरही पंधरा दिवसांनी धुवावा, कारण धूळ साचली की हवेचा प्रवाह घटतो, नळ्यांवर बर्फ धरतो आणि टाकीत पडणारे पाणी कमी होते.

इतर पर्यायांपैकी पेल्टियर तंत्रावर (कॉम्प्रेसरशिवाय, विजेने थेट थंड होणाऱ्या पट्टीवर) चालणारी लहान, आवाज न करणारी यंत्रे दिसायला देखणी असतात, परंतु दिवसाकाठी अर्धा लिटर काढतानाही त्यांची दमछाक होते. एका कपाटापुरती ठीक, खोलीसाठी नाहीत. शोषक चक्राची (ओल शोषणारे चाक फिरवून हवा कोरडी करणारी) यंत्रे कॉम्प्रेसरपेक्षा जास्त वीज खातात आणि जास्त गरम हवा सोडतात, मात्र पंधरा अंशांखालच्या थंड जागेत तीच सरस ठरतात, कारण तिथे कॉम्प्रेसरच्या नळ्यांवर बर्फ धरत राहतो. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मी सिंकखालच्या बंद कप्प्यात ठेवतो आणि तेवढ्या जागेत ते चोख काम करतात. उघड्या खोलीत त्यांचा काही उपयोग होत नाही. डब्यात साचणारे द्रावण कातडीला झोंबते आणि धातू गंजवते, तेव्हा मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून ते दूर ठेवावे आणि सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने पुसावे.

कीटकनाशकाच्या फवाऱ्याला मी या कामासाठी शून्य गुण देईन. समोर दिसणारे किडे मरतात हे खरे, पण फटीत, मातीत आणि भिंतीच्या आत असलेले तसेच राहतात, आणि ओल कायम असेपर्यंत त्यांची जागा नवे घेतात. डायटमयुक्त मातीची (सूक्ष्म शैवालांच्या जीवाश्म कवचांची) भुकटी किड्यांच्या त्वचेवरील मेणाचा थर शोषून त्यांना वाळवते. तत्त्व योग्य आहे, परंतु भुकटी स्वतः ओली झाली की निकामी होते, आणि स्प्रिंगटेल नेमके ओल्या जागीच असतात. भिंत वाळल्यानंतर फटीत ती हलक्या हाताने भुरभुरल्यास थोडी मदत होते. भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून नाकावर कापड बांधावे. बुरशीरोधक रंगाबद्दल इतकेच म्हणेन की ओल्या भिंतीवर तो लावला तर पोपडे निघतात, आणि कोरड्या भिंतीला त्याची फारशी गरज पडत नाही.

यंत्राच्या आवाक्याबाहेरच्या दोन जागा आहेत. एक कुंड्या. सतत ओल्या राहणाऱ्या मातीत स्प्रिंगटेल मजेत राहतात, आणि खोलीची हवा कितीही कोरडी केली तरी कुंडीतील माती आपण रोज पाणी घालून ओलीच ठेवत असतो. वरचा बोटभर थर वाळल्याशिवाय पाणी घालू नये आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. झाडाला ते किडे अपाय करीत नाहीत, म्हणून कुंडी फेकण्याचे कारण नाही. दुसरी जागा सांडपाण्याच्या जाळीखालची. तिथे केस, साबण आणि मळ यांचा जो थर साचतो तो कडक ब्रशने घासूनच काढावा लागतो. नुसते उकळते पाणी ओतून तो निघत नाही. स्नानानंतर फरशीवरचे पाणी लोटून काढणे आणि बाहेर हवा फेकणारा पंखा नंतरही अर्धा तास चालू ठेवणे, या दोन सवयींनी यंत्रावरचा भार बराच हलका होतो. खिडकी उघडावी की नाही, हे मात्र बाहेरच्या हवेवर ठरवावे. पाऊस पडत असताना बाहेरची उबदार आणि दमट हवा आत घेतली तर यंत्राने दिवसभर काढलेले पाणी तासाभरात परत येते. बाहेर थंड आणि कोरडे असेल तेव्हा खिडकी उघडणे यंत्रापेक्षा स्वस्त पडते.

खरेदीला जाणाऱ्यांनी दुकानात यंत्र पाठीमागून पाहावे, पुढून नव्हे. नळीचे तोंड किती उंचीवर आहे, फिल्टर हत्यारांशिवाय निघतो का, टाकी इतकी रुंद आहे का की हात घालून घासता येईल, आणि वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आधीच्याच आकड्यावर आपोआप सुरू होते का, हे चार प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. शेवटचा विशेष महत्त्वाचा, कारण ज्या यंत्रात ही सोय नाही ते घरी कोणी नसताना वीज गेल्यास बंदच पडून राहते. प्लास्टिकच्या चाचणीत पाणी भिंतीकडच्या बाजूला आले असेल, तर तूर्त हे यंत्र घेऊ नये आणि तो पैसा दुरुस्तीवर घालावा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर कॉम्प्रेसरचे, खोक्यावरील आकडा गरजेच्या दुपटीचा असलेले यंत्र निवडावे. घरी आणताना ते आडवे झाले असेल तर कॉम्प्रेसरमधील तेल खाली बसावे म्हणून काही तास उभे ठेवूनच चालू करावे, आणि कोरडा ऋतू लागल्यावर आवरून ठेवण्यापूर्वी नुसता पंखा तासभर चालवून आतल्या नळ्या पूर्ण वाळवाव्यात.